ज्येष्ठांचा प्रवास विमा पाण्याच्या काठावरच का थांबतो?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

दिवाळी ओसरली की टूर कंपन्यांच्या पानभर जाहिराती सुरू होतात. बाली, थायलंड, मालदीव, मॉरिशस. हल्ली त्यांत ‘ज्येष्ठांसाठी खास’ सहली असतात आणि त्या सहलींच्या कार्यक्रमात स्नॉर्केलिंगबरोबर स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीला हवेची टाकी लावून पाण्याखाली जाणे, हेही असते. जाहिरातीच्या तळाशी एक ओळ असते, ‘प्रवास विमा समाविष्ट’. आम्ही निवृत्त माणसे त्या ओळीवर भरवसा ठेवून पैसे भरतो. स्कूबाच्या बाबतीत ती ओळ कित्येकदा पोकळ निघते आणि पैसे भरण्याआधी ते कोणी सांगत नाही, म्हणून हे पत्र.

मी ६६ वर्षांची आहे. नाशिकरोडला कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झाले. पाणी मला नवे नाही, त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावावर सकाळच्या बॅचला मी कित्येक वर्षे जाते. निवृत्तीनंतर तारकर्लीला पहिल्यांदा पाठीला टाकी लावून समुद्रात उतरले. दाब वाढला की वायूचे आकारमान कमी होते, या बॉइलच्या नियमाची गणिते मी मुलांकडून वर्षानुवर्षे सोडवून घेतली होती, तो नियम त्या दिवशी स्वतःच्या कानाच्या पडद्याला कळला. पुढे रीतसर कोर्स करून १८ मीटरपर्यंतचे प्रमाणपत्र घेतले. निवृत्तीने मला जे काही दिले त्यात हे मी फार वरचे मानते. गुडघे कुरकुरतात, जिने चढताना दम लागतो, पण पाण्याखाली शरीराचे ओझे जाणवतच नाही.

विम्याचा प्रश्न समजण्यासाठी पाण्याखाली काय होते ते थोडे सांगावे लागेल. पुष्कळांना वाटते की टाकीत ऑक्सिजन असतो. साधारण पर्यटकाच्या टाकीत आपण श्वास घेतो तीच हवा दाबून भरलेली असते, म्हणजे तिच्यात सुमारे ७८ टक्के नायट्रोजन. समुद्रात दर १० मीटर खोलीला एक वातावरण दाब वाढतो. १० मीटरवर दुप्पट, २० मीटरवर तिप्पट. दाब वाढला की तो नायट्रोजन रक्तात आणि पेशींत जास्त विरघळतो. माणूस सावकाश वर आला तर तो श्वासावाटे निघून जातो; भरकन वर आला तर सोड्याची बाटली एकदम उघडल्यासारखे अंगातच बुडबुडे होतात. म्हणून मिनिटाला सुमारे ९ मीटरपेक्षा वेगाने वर यायचे नाही, ५ मीटरवर तीन मिनिटे थांबायचे. एकच डाइव्ह केली असेल तर किमान १२ तास आणि जास्त केल्या असतील तर किमान १८ तास विमानात बसायचे नाही. आपल्याकडच्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटरवर आहे. सकाळी मालवणला पाण्यात उतरून दुपारीच आंबोलीचा घाट चढून परतीला लागणे म्हणजेसुद्धा उंचीवर जाणेच आहे. पर्यटकांना तिथे फार खोल नेत नाहीत, त्यामुळे धोका कमी असतो, पण मी तरी ती रात्र खालीच मुक्काम करते.

हे सगळे पाळूनही कधी बुडबुड्यांचा त्रास झालाच, तर उपचार एकच: लगेच शुद्ध प्राणवायू आणि मग दाबकक्ष, ज्याला सगळे हायपरबेरिक चेंबर म्हणतात. रुग्णाला त्यात ठेवून दाब १८ मीटर खोलीइतका वाढवायचा, प्राणवायू द्यायचा आणि हळूहळू दाब उतरवायचा. सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या पद्धतीत एका वेळचा उपचार जवळजवळ पावणेपाच तास चालतो आणि लक्षणे राहिली तर पुन्हा करावा लागतो. असे कक्ष मोजक्याच ठिकाणी असतात. मालदीवसारख्या देशात बेटावरून बोटीने किंवा विमानाने रुग्ण हलवावा लागतो, आणि तेही कमी उंचीवरून उडणाऱ्या विमानाने, कारण उंचीवर बुडबुडे आणखी फुगतात. हा खर्च पेन्शनीतून भागणारा नाही. हा धोका विरळा, पण घडला तर खर्च अफाट. विम्याची गरज असते ती अशाच ठिकाणी.

कोर्सला बसण्याआधी एक वैद्यकीय प्रश्नावली भरावी लागते. पंचेचाळिशीच्या पुढच्या माणसाला त्यात जादा प्रश्न असतात. मला रक्तदाबाची गोळी आहे, म्हणून डॉक्टरांची सही आवश्यक होती. आमचे डॉक्टर माझेच जुने विद्यार्थी. फॉर्म हातात घेऊन ते म्हणाले, “बाई, असा फॉर्म मी पहिल्यांदाच बघतोय. वाचल्याशिवाय सही करणार नाही.” मला ते फार आवडले. त्यांनी फॉर्म ठेवून घेतला, नौदलात काम केलेल्या एका मित्राला विचारले, मला टू-डी इको आणि स्ट्रेस टेस्ट या हृदयाच्या तपासण्या करायला लावल्या, कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे पाठवले आणि मगच सही केली. वर बजावले, “सर्दी असेल त्या दिवशी पाण्यात उतरायचं नाही. पैसे बुडाले तरी चालतील.” ज्येष्ठांना पाण्याखाली मुख्य धोका असतो तो हृदयाचा, आणि उच्च रक्तदाब असलेल्यांना फुप्फुसांत पाणी साठण्याचाही. माशांपेक्षा आणि टाकीपेक्षा हे जास्त महत्त्वाचे आहे. तेव्हा तपासणी कडकच हवी आणि ज्याचे हृदय साथ देत नाही त्याला विमा कंपनीने स्पष्ट नाही म्हणावे. माझी त्याला मुळीच हरकत नाही. हरकत आहे ती आधी हो म्हणून नंतर नाही म्हणण्याला.

माझी एक मैत्रीण नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झाली. आम्ही दोघी बालीला एका गटाबरोबर गेलो होतो. तिथे तुलांबेन नावाचे गाव आहे. १९४२ साली जपानी पाणबुडीने पाणतीर मारलेले एक अमेरिकी मालवाहू जहाज तिथल्या किनाऱ्याला आणून लावले होते. १९६३ मध्ये अगुंग ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा ते घसरून समुद्रात गेले. आता त्याचा वरचा भाग पाच-सहा मीटरवर आहे, त्यावर प्रवाळ वाढले आहे आणि किनाऱ्यावरून चालत जाऊन उतरता येते. गावातल्या बायका जड टाक्या डोक्यावर घेऊन गोट्यांच्या किनाऱ्यावरून झपाझप चालत येतात. आमच्या सहलीच्या छापील कार्यक्रमातच ही डाइव्ह होती. ‘नवशिक्यांसाठी, प्रशिक्षकासोबत’ असे लिहिलेले होते.

मैत्रिणीचा कान उतरताना मोकळा झाला नाही. प्रशिक्षकाने ते ओळखून तिला लगेच वर आणले, त्याचे काही चुकले नाही. पण संध्याकाळपर्यंत चक्कर आणि कानात शिटी वाजल्यासारखा आवाज सुरू झाला. देनपसारच्या रुग्णालयात तपासण्या झाल्या, मुक्काम झाला. कान बरा होईपर्यंत विमानप्रवास नको असे डॉक्टरांनी सांगितल्यामुळे परतीचे तिकीट बदलावे लागले. बिले, रिपोर्ट, पासपोर्टवरचे शिक्के, सगळे जोडून तिने नाशिकला आल्यावर दावा केला. उत्तर आले, साहसी खेळातील इजा पॉलिसीतून वगळलेली आहे, सबब दावा नामंजूर. टूर कंपनीकडे गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, “काकू, विमा आम्ही फक्त काढून देतो, क्लेमचं कंपनीशी बोला.” हाच मुलगा पैसे भरताना म्हणाला होता, “सगळं इन्क्लूडेड आहे, टेन्शन घेऊ नका.” पॉलिसीच्या अटींचे पुस्तक तिला कधीच मिळाले नव्हते. मिळाला होता तो एक पानाचा दाखला, तोही विमानतळावर गटाच्या पाकिटातून. मी नावे घेत नाही, कारण प्रश्न एका कंपनीचा नाही. ज्यांनी डाइव्ह विकली त्यांनीच ती डाइव्ह वगळणारा विमा तिच्यासोबत विकला आणि यात कोणालाच काही वावगे वाटले नाही, याचा मला संताप येतो.

यानंतर मी नियम वाचायला बसले. भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातल्या वगळण्याच्या कलमांची भाषा सर्व कंपन्यांसाठी एकसारखी केली. आपल्या आरोग्य पॉलिसीत ‘एक्स्क्ल ०९’ असा सांकेतिक क्रमांक असलेले कलम काढून बघा. त्यात गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग वगैरेंची नावे आहेत, पण वगळले आहे ते ‘व्यावसायिक म्हणून’ भाग घेताना झालेल्या इजेचे उपचार. म्हणजे हौसेने, पर्यटक म्हणून पाण्यात उतरणारा माणूस या कलमात येत नाही. तारकर्लीला माझा कान दुखावला आणि मला नाशिकमध्ये भरती व्हावे लागले, तर या कलमाकडे बोट दाखवून माझी घरगुती आरोग्य पॉलिसी मला नाकारू शकत नाही. नियामकाने हा फरक विचारपूर्वक केला, त्याबद्दल त्यांचे आभार मानायला हवेत.

पण ती मार्गदर्शक तत्त्वे काढताना वैयक्तिक अपघात विमा आणि देशांतर्गत व परदेश प्रवास विमा त्यातून बाहेर ठेवले गेले. सगळी अडचण इथे आहे. प्रवास विम्यात प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी. कुठे साहसी खेळ सरसकट वगळलेले, कुठे जादा हप्ता भरून घेता येणारे, कुठे वयाची अट, कुठे खोलीची, कुठे ‘मान्यताप्राप्त प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली’ अशी. आणि घरगुती पॉलिसी परदेशात उपयोगाची नाही, कारण नेहमीच्या पॉलिसीत उपचार भारतातच व्हावे लागतात. केंद्र सरकारच्या निवृत्तांची सीजीएचएस ही आरोग्य योजना असो की सत्तरीपुढच्यांचे आयुष्मान वय वंदना कार्ड, त्यांचे काम देशाच्या हद्दीत. ज्या माणसाने चाळीस वर्षे नोकरी करून चार पैसे बाजूला टाकले आणि आता जग बघायचे ठरवले, त्याचे संरक्षण मुंबईच्या विमानतळावर मागे राहते.

युरोपला जाणाऱ्यांना वाटते की व्हिसासाठी विमा घेतला म्हणजे झाले. शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते हे खरे. पण ती व्हिसा देणाऱ्यांची अट आहे. माल्टाच्या समुद्रात तुम्ही पाण्याखाली गेलात तर काय, याचे उत्तर पॉलिसीच्या अटींतच शोधावे लागते.

पुढच्या प्रवासाआधी मी स्वतः विमा घेताना कंपन्यांना ईमेलने प्रश्न विचारले. छंद म्हणून, प्रमाणपत्राच्या मर्यादेत केलेली डाइव्ह चालेल का, या प्रश्नाला जादा हप्ता घेऊन हो म्हणणारी कंपनी मिळाली, तेवढे समाधान. पण पुढच्या दोन प्रश्नांवर सगळे गोलमोल. पहिला प्रश्न चेंबरचा. आपल्याकडच्या आरोग्य विम्यात रुग्णालयाची व्याख्या खाटांवर ठरते, दहा लाखांपेक्षा कमी लोकवस्तीच्या गावात किमान १० आणि इतरत्र १५. एखाद्या बेटावरच्या रिसॉर्टशेजारी दाबकक्ष असेल आणि त्याला दहा खाटा नसतील, तर तिथला उपचार हा रुग्णालयातला उपचार धरणार का? पाच तासांत रुग्ण बाहेर आला, विम्याला सहसा लागते ती चोवीस तासांची भरती झालीच नाही, तर? दुसरा प्रश्न रक्तदाबाचा. प्रवास विम्यात पूर्वीपासूनचा आजार सहसा वगळतात, फार तर जिवावर बेतले तर तात्पुरते उपचार देतात. मी रक्तदाबाची गोळी घेते हे मी लिहून दिले, डॉक्टरांची सही आहे, तज्ज्ञांचे अहवाल आहेत. पाण्याखाली माझ्या फुप्फुसात पाणी झाले तर तो डाइव्हिंगचा अपघात, की पूर्वीचा आजार? एका कंपनीने ‘प्रकरणपरत्वे निर्णय घेतला जाईल’ असे कळवले. बालीतल्या रुग्णालयाच्या दारात उभ्या असलेल्या माझ्या यजमानांना त्या वाक्याचा काय उपयोग?

काही जाणकार सांगतात की डाइव्हिंग करणाऱ्यांच्या परदेशी संस्थांचे सदस्यत्व घ्या. अमेरिकेत १९८० साली सुरू झालेली डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही ना-नफा संस्था यात जुनी आणि नावाजलेली आहे. तिची माहिती मी नेहमी वाचते आणि तिच्याबद्दल मला आदर आहे. पण ज्याने आयुष्यभर इथे कर भरला त्याला इथल्या कंपनीकडून, रुपयांत, आपल्या भाषेत समजेल असा विमा मिळायला नको का? वाद झाला तर आपला विमा लोकपाल पुण्यात बसतो. नाशिकचा माणूस सकाळी निघून काम करून संध्याकाळी घरी येऊ शकतो. परदेशी कंपनीविरुद्ध तो कुठे जाणार?

“या वयात हे कशाला?” हे मला घरी, शेजारी, लग्नकार्यात, सगळीकडे ऐकावे लागते. कशाला ते मी वर लिहिले आहे. विम्यापुरते बोलायचे तर मी फुकट काही मागत नाही. माझ्या वयाचा धोका जास्त असेल तर हप्ता जास्त घ्या, तपासण्या करायला लावा, खोलीची मर्यादा १८ ऐवजी १२ मीटर ठेवा. मला कळू द्या आणि मला ठरवू द्या. कोणी म्हणेल, पेन्शनरांना साध्या आरोग्य विम्याचे हप्ते परवडत नाहीत आणि तुम्ही समुद्राचे काय घेऊन बसलात. त्यांचे दुःख मोठे आहे, मला मान्य आहे. त्या आघाडीवर अलीकडे काही झाले तरी आहे. सर्व वयोगटांसाठी आरोग्य पॉलिसी असाव्यात असे नियामकाने २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितले. ज्येष्ठांचा हप्ता वर्षाला १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर नियामकाशी आधी बोलावे, असे जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांना बजावले गेले. सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला. ज्येष्ठांनी सतत लिहिले, बोलले, म्हणूनही हे घडले असे मी मानते. प्रवास विम्याबद्दल अजून कोणी बोललेले नाही, म्हणून मी बोलते.

माझे मागणे असे आहे. हौशी आणि व्यावसायिक हा जो फरक आरोग्य विम्यात केला, तोच प्रवास विम्यातही नियामकाने सर्व कंपन्यांना सक्तीचा करावा. ज्या कंपनीला साहसी खेळ वगळायचेच आहेत तिने ते पॉलिसीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहावे आणि दाबकक्षाचा उपचार खाटांच्या हिशेबात अडकवू नये. आरोग्य पॉलिसीसोबत ग्राहक माहितीपत्रक देणे बंधनकारक आहे आणि मागितल्यास ते स्थानिक भाषेत द्यावे लागते. नाशिकमध्ये ते मराठीत मागता येते हेच किती जणांना माहीत आहे? प्रवास विम्याच्या बाबतीत मराठी पत्रक न मागता मिळावे. टूर कंपन्यांनी उरलेली रक्कम घेण्याआधी पूर्ण अटी हातात द्याव्यात आणि सहलीच्या कार्यक्रमातल्या प्रत्येक खेळापुढे ‘विमा लागू’ किंवा ‘विमा लागू नाही’ असे छापावे. त्यांना हे एका दुपारचे काम आहे.

तोपर्यंत जे या मोसमात निघणार आहेत त्यांनी तोंडी आश्वासनावर जाऊ नये. ईमेल करा, उत्तर छापून बॅगेत ठेवा. रक्तदाब, मधुमेह, जुनी शस्त्रक्रिया, काहीही लपवू नका. लपवलेला आजार हे दावा नाकारण्याचे सर्वांत सोपे कारण असते. जिथे उतरणार तिथून जवळचा दाबकक्ष कुठे आहे ते डाइव्ह सेंटरला आधी विचारा; जे सेंटर सांगू शकत नाही तिथे उतरू नका. दावा नाकारला गेला तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी जा. तीस दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाता येते. फी नाही, वकील लागत नाही. नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ या संकेतस्थळावर आणि १५५२५५ या क्रमांकावरही तक्रार नोंदवता येते.

मैत्रिणीची तक्रार आम्ही दोघींनी बसून लिहिली आहे. सहलीचा तो छापील कार्यक्रम तिने जपून ठेवला होता, तोच पहिला पुरावा म्हणून जोडला. वरच्या मागण्यांचा एका पानाचा मसुदाही मी तयार केला आहे आणि आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या पुढच्या बैठकीत तो मांडणार आहे. पंचवटी, सिडको, इंदिरानगर, गंगापूर रोड, देवळाली इथल्या संघांनीही तो आपापल्या सभेत घ्यावा, सह्या कराव्यात, म्हणजे तो नियामकाकडे एकत्र पाठवता येईल. ज्यांचे असे दावे नाकारले गेले असतील त्यांनी आपल्या पत्राची प्रत संघाकडे द्यावी. आपल्या वृत्तपत्रानेही टूर कंपन्यांच्या जाहिराती छापताना त्यांना एवढा एक प्रश्न विचारावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
जेलरोड, नाशिकरोड